पत्र्याची शेडही बांधकामच असते

घराच्या मागे मोकळी जागा आहे, गाडी उभी राहील आणि कडेला बेंच व्हाइस, ग्राइंडर, वेल्डिंग मशीन बसेल एवढी शेड टाकून घेऊ, असा बेत तालुक्याच्या गावांपासून शहरांच्या कडेपर्यंत घरोघरी होतो. फॅब्रिकेटर स्क्वेअर फुटाचा दर सांगतो, मालक ‘पत्रा किती जाडीचा?’ एवढं विचारतो आणि आठवड्याभरात शेड उभी राहते. इतकी झटपट उभी राहते म्हणूनच बहुधा तिला कुणी बांधकाम मानत नाही. घर बांधताना पाया, परवानगी, वारा, अर्थिंग याबद्दल चार जणांना विचारणारा माणूस शेडच्या बाबतीत यातलं काहीच विचारत नाही. शेडबद्दलचे बहुतेक गैरसमज मला इथूनच निघालेले दिसतात.

पत्र्याला परवानगी लागत नाही, हा त्यातला सर्वांत रुळलेला. कायदा मात्र साहित्य काय वापरलं हे बघत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं बांधकाम ‘विकास’ या व्याख्येत येतं आणि त्याला परवानगी घ्यावी लागते. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळून राज्यभर लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही इमारत म्हणजे कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही साहित्याने उभारलेली रचना. समारंभापुरता घातलेला मांडव त्यातून वगळला आहे. नट-बोल्टवर उभी केलेली शेड वगळलेली नाही. ‘बोल्ट काढले की निघते, म्हणजे तात्पुरतीच की’ हा युक्तिवाद नोटीस आल्यावर टिकत नाही. विनापरवाना बांधकामाला या अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि कलम ५३ खाली ते पाडायला लावता येतं.

खरी अडचण जागेची असते. घरामागचा जो मोकळा पट्टा आपल्याला शेडसाठी अगदी सोयीचा वाटतो, तोच बहुतेक वेळा मंजूर नकाशात सामासिक अंतर म्हणून मोकळा सोडलेला असतो. तो शेजारच्या घराच्या हवा-उजेडासाठी असतो आणि आग लागली तर माणसांना पलीकडे जाता यावं म्हणूनही असतो. जिथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडणार आहेत तिथे तर तो पट्टा जास्तच हवा. म्हणून फॅब्रिकेटरला फोन करण्याआधी घराचा मंजूर नकाशा बाहेर काढावा आणि आर्किटेक्टला दाखवावा. गावात असाल तर ग्रामपंचायतीत चौकशी करावी. जमीन शेतीची असेल तर अवजारं ठेवायची शेड आणि पैसे घेऊन गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज यांत महसूल कायदा फरक करतो.

याला जोडूनच ‘घरपट्टी लागली म्हणजे शेड नियमित झाली’ असाही एक समज आहे आणि तो लोकांना फार महागात पडतो. कर आकारणी आणि बांधकाम परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ मध्ये अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती आहे. ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, असंही तिथेच स्पष्ट म्हटलं आहे. पिंपरी-चिंचवडकरांना हा शास्तीकर चांगला ठाऊक आहे.

आता पायाकडे येऊ. ‘पत्रा हलका, त्याला कशाला पाया?’ हा प्रश्न इतका रास्त वाटतो की अनुभवी माणसंही फसतात. घराचा पाया वजन खाली झेलण्यासाठी असतो. शेडच्या पायाचं मुख्य काम तिला धरून ठेवण्याचं आहे, कारण वारा शेडला वर उचलतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा वरून ओढ लावतो आणि रोलिंग शटर उघडं असेल तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. वादळात छत्री उलटते ती याच जोराने.

हिशेब करून बघू. १५ फूट बाय २० फुटांच्या शेडचं छप्पर साधारण २८ चौरस मीटर भरतं. पत्रा आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे पाइप) मिळून चौरस मीटरला १० किलोच्या आसपास, म्हणजे सगळं छप्पर तीनशे किलोच्या आतच. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबईसाठी ४४. ३९ मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतो. तेवढाच जोर छपरावर वरच्या दिशेने लागला असं ढोबळमानाने धरलं, तरी २८ चौरस मीटरला अडीच टनांहून जास्त ओढ होते. छपराचं स्वतःचं वजन वजा केल्यावर सहा कॉलम असतील तर प्रत्येक कॉलमला चारशे किलोच्या आसपास धरून ठेवावं लागतं. आणि आपल्याकडे शेडच्या कॉलमसाठी फूटभर रुंद, दीड फूट खोल खड्डा घेऊन त्यात काँक्रीट ओततात. त्या काँक्रीटचं वजन जेमतेम १०० किलो भरतं. दोन फूट बाय दोन फूट, अडीच फूट खोल खड्डा घेतला तर तेच ६८० किलोंच्या घरात जातं. नेमकं माप तुमच्या गावचा वारा, शेडची उंची आणि माती बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवावं, पण खड्ड्यात काटकसर का करू नये हे एवढ्या आकड्यांवरूनही कळतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडच्या बाजूला असंख्य घरांची छपरं उडाली. ओढ सर्वांत जास्त असते ती कडांना आणि कोपऱ्यांना. म्हणून तिथले स्क्रू मधल्या भागापेक्षा जवळजवळ मारून घ्यावेत.

सोलापूर, मराठवाडा, विदर्भातल्या काळ्या मातीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरवरचा पाया तिच्याबरोबर वरखाली होतो, कोबा तडकतो आणि शटर चॅनेलमध्ये अडकायला लागतं. काळी माती काढून मुरूम भरून ठोकून घेणं आणि कॉलमचा पाया खालच्या पक्क्या थरापर्यंत नेणं, याला इथे पर्याय नाही.

कॉलम जमिनीत पुरला की जास्त पक्का, असंही ऐकू येतं. बॉक्स पाइप थेट काँक्रीटमध्ये रोवलेली पाच-सात वर्षांची शेड कुठे असेल तर तिच्या कॉलमच्या बुडाशी वाकून बघा. पाइप जिथे कोब्यात शिरतो तिथे रंगाला फोड आलेले दिसतात. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं की पापुद्रे सुटतात आणि कधीकधी टोक सरळ आत जातं. पाइप आणि काँक्रीट यांच्यातल्या बारीक फटीत पाणी साचून राहतं आणि पाइप तिथे बाहेरून गंजतो. वरचं तोंड उघडं राहिलं असेल तर पाणी आत उतरून तो आतूनही गंजतो. त्याऐवजी काँक्रीटचा चौथरा फरशीच्या वर चार-सहा इंच उचलावा, त्यात फाउंडेशन बोल्ट सोडावेत आणि कॉलम बेस प्लेटवर उभा करावा. खर्च थोडा वाढतो. पण कॉलमचं बूड कोरडं राहतं, डोळ्यांसमोर राहतं आणि दर दोन-तीन वर्षांनी रंगवता येतं.

पत्र्याच्या जाडीवर मालकाचा सगळा जीव असतो, पण टिकाऊपणा ठरतो तो त्यावरच्या लेपावर. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि तोवर लोखंड शाबूत राहतं. हा लेप जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम असा, मोजतात आणि आकडा दोन्ही बाजू मिळून असतो. १२० जीएसएम म्हणजे एका बाजूला साधारण ८ मायक्रॉन, २७५ म्हणजे १९. जाडी तीच असली तरी हे दोन पत्रे सारखे टिकत नाहीत. कलर-कोटेड पत्र्याच्या बाबतीत अर्धा मिलिमीटर म्हणजे लेपासकट की नुसतं पोलाद, हेही विचारावं. बिलावर जाडी, जीएसएम आणि कंपनीचं नाव लिहून घ्यावं आणि उतरवलेल्या पत्र्यावरच्या छापाशी ते जुळतं का बघावं.

पण चांगला पत्राही कामाच्या दिवशीच खराब होऊ शकतो. वेळ वाचवायला कारागीर तो ग्राइंडरने कापतात. त्या उष्णतेने कडेचं जस्त जळतं आणि तापलेला कीस रंगावर चिकटतो. पहिल्या पावसानंतर छपरावर तांबूस ठिपके दिसले की लोक कंपनीला दोष देतात. पत्रा कातरीने किंवा निबलरने कापायला सांगावं आणि स्क्रू मारताना पडलेला कीस त्याच संध्याकाळी झाडून काढायला लावावा. जीआय पाइपचंही तसंच. वेल्डिंग केलेल्या जागी जस्त उरत नाही, म्हणून जोड सर्वांत आधी गंजतो. घासून झिंक-रिच प्रायमर मारल्याशिवाय वरचा रंग लावू देऊ नये. जस्ताचा धूर बंद शेडमध्ये ओढला गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. गूळ किंवा दूध घेतल्याने त्यापासून बचाव होत नाही. मोकळी हवा, धूर बाहेर ओढणारा पंखा आणि योग्य मास्क हेच उपाय आहेत.

जाड पत्र्याने शेड गार राहते, हेही खरं नाही. पोलादातून उष्णता इतकी सहज जाते की पाव मिलिमीटरने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो फिकट रंगाने, उंचीने, आढ्याजवळ गरम हवेला वाट ठेवल्याने आणि पत्र्याखाली इन्सुलेशन लावल्याने. चकचकीत फॉइल लावणार असाल तर तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये हवेची पोकळी ठेवा, नाहीतर ती फारशी उपयोगी पडत नाही. हिवाळ्यात पहाटे छपरातून टपकणारं पाणीही बहुतेकदा गळती नसते. रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या दमट हवेचं त्यावर दव धरतं. मग मालक वरून सीलंट फासत राहतो आणि खाली व्हाइसच्या जबड्यांवर गंज चढत राहतो. फरशीखाली जाड प्लास्टिक कागद, हवा खेळती आणि पत्र्याखाली इन्सुलेशन एवढं असलं की हे थांबतं.

पत्रा वीज ओढून घेतो ही भीती अनाठायी आहे. वीज कुठे पडेल हे मुख्यतः उंचीवर आणि आसपास काय उंच आहे त्यावर ठरतं, छप्पर पत्र्याचं की कौलांचं यावर नाही. माणसं दगावतात ती घरच्या करंटने. ग्राइंडरची सोललेली केबल अँगलला टेकते, सगळी शेड जिवंत होते आणि पावसात ओल्या पायांनी कुणी शटरला हात लावतो. कपडे वाळत घालायची तार त्याच कॉलमला बांधलेली असेल तर करंट दारापर्यंत येतो. म्हणून शेडच्या सांगाड्याला नीट अर्थिंग करावं, शेडची वायरिंग वेगळ्या एमसीबीवर घ्यावी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) लावावी. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून ती ट्रिप होते का बघावं, पावसाळ्याच्या तोंडावर तर न चुकता. कपड्यांची तार आजच सोडून दुसरीकडे बांधावी, शक्यतो नायलॉनची दोरीच वापरावी. आणि उद्या गिऱ्हाइकांची कामं घ्यायला लागलात तर घरगुती मीटरवर ती चालवू नका. वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.