नदी कोणी मोजावी?

न्यूझीलंडच्या संसदेने मार्च २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला, उगमापासून सागरापर्यंत, कायद्याने व्यक्तित्व बहाल केले. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांनाही तसाच दर्जा दिला. सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये त्यास स्थगिती दिली. ज्यांना आपण शतकानुशतके माता म्हणत आलो, त्यांना व्यक्ती ठरविण्यासाठी न्यायासनापुढे जावे लागावे, हा दैवदुर्विलास तूर्त बाजूस ठेवू. विचार करण्याजोगा भेद निराळाच आहे.

उत्तराखंडच्या निकालाने गंगेचे पालकत्व सोपविले ते 'नमामि गंगे'चे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता यांच्याकडे. व्हांगानुईचे पालक दोन : एक सरकारने सुचविलेला, दुसरा काठच्या माओरी जमातींनी. ही जागा माओरींना सुखासुखी मिळालेली नाही. १८७०च्या दशकापासून त्यांचे अर्ज चालू होते. आगबोटींची वाट मोकळी करण्यासाठी वाम मासे धरण्याचे त्यांचे बांध उखडण्यात आले. नदीच्या तळावरील हक्काचा १९३८ साली गुदरलेला दावा १९६२ साली निष्फळ ठरला. आणि १९७०च्या दशकात टोंगारिरो वीज योजनेने शिरोभागाचे पाणीच अन्यत्र वळविले. नव्या कायद्यानेही ते वळविणे थांबलेले नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

परंतु पालकाला नदीची प्रकृती कळावी कशी? त्याच देशातील तायरी नदीवर गेल टिपा व लॉरेल टियर्नी यांनी माओरींसमवेत एक मोजपट्टी सिद्ध केली. तिला 'सांस्कृतिक आरोग्य निर्देशांक' म्हणतात. ती प्रथम विचारते, हे स्थळ पूर्वजांच्या वहिवाटीचे होते काय? येथे पूर्वी अन्नासाठी कोणते जीव मिळत, आज कोणते मिळतात? तेथवर जाता येते काय? आणि तुम्ही पुन्हा येथे याल काय? मग पाण्याची स्वच्छता, काठची झाडी, तळाचा गाळ, प्रवाहाचे रूप यांना काठावर उभे राहून एक ते पाच गुण द्यावयाचे. हे गुण शास्त्रज्ञांच्या कसोट्यांशी बऱ्याच अंशी जुळले. 'पुन्हा याल काय?' हा प्रश्न मात्र कोणत्याच परीक्षानळीत मावत नाही.

आमच्या म्हादईचे माप लवादाने २०१८ साली घेतले : कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी. आकडे हवेतच, न्यायालयात त्यांवरच झुंजावे लागते. पण पहिल्या पावसात चढणीचे मासे कोणत्या ओहळात शिरतात, कोणता डोह देवाच्या नावाने राखलेला आहे, कोणती झर अलीकडे चैत्रातच आटू लागली, हे काठावर जन्म घालविलेल्या माणसालाच ठाऊक असते. टीएमसीच्या रकान्यात त्याला जागा नाही. गावडा, कुणबी, वेळीप हे या भूमीचे आद्य कष्टकरी २००३ साली अनुसूचित जमातींच्या यादीत आले. नदीच्या दफ्तरात अद्याप यावयाचे आहेत. गोव्याच्या नद्यांची पुढची पाहणी होईल तेव्हा सरकारने त्यांच्यातील जाणत्यांना पथकात सभासद म्हणून घ्यावे, त्यांचा रोज द्यावा, आणि त्यांच्या नोंदी अभियंत्यांच्या नोंदींशेजारी त्याच अहवालात छापाव्यात.