सरकत्या बेरजेची करामत

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा प्रश्न आला आहे. पाच शाखा आहेत. सगळ्या फायली क्लाउडवर टाकल्या की त्या प्रत्येक शाखेत दिसतील आणि बॅकअपची वेगळी काळजी उरणार नाही, असं विक्रेता सांगतो, ते खरं का? यातलं पहिलं खरं आहे. दुसरं अजिबात नाही.

दुसरं खरं नसल्याचा पुरावा दक्षिण कोरियात आहे. 26 सप्टेंबर 2025 रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फायली स्वतःच्या कॉम्प्युटरवर न ठेवता एका जागी ठेवाव्यात, म्हणून केलेला ‘जी-ड्राइव्ह’ तिथेच होता. माणशी 30 गीगाबाइट जागा. 858 टेराबाइटचा हा साठा जळाला आणि बाहेर त्याची प्रत नव्हती. एवढ्या मोठ्या साठ्याचा बाहेर बॅकअप ठेवणं जमलं नाही, असं कारण पुढे आलं.

या आगीबद्दल पुष्कळ छापून आलं. पाच शाखांना एकच फाइल दिसते ती कुणामुळे, याबद्दल मात्र कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून अँड्र्यू ट्रिजेल या माणसाकडे आधी वळतो.

1991 चा डिसेंबर. ट्रिजेल कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. डॉसवर चालणाऱ्या पीसीवरून युनिक्स मशीनवरच्या फायली त्याला हव्या होत्या. दोन्ही यंत्रं एकाच तारेवर, पण बोली वेगळी, आणि त्या बोलीचं व्याकरण त्याच्या हाती नव्हतं. मग त्याने तारेवरून जाणारी माहितीची पाकिटं नुसती पाहायला सुरुवात केली. आपली पद्धत तो पुढे अशी समजावून सांगत असे: फ्रेंच येत नसेल तर फ्रान्समधल्या कॅफेत बसा, गिऱ्हाईक काय म्हणतं आणि वेटर काय घेऊन येतो हे बघत राहा, काही दिवसांनी कॉफी तरी मागता येईल. यातूनच ‘सांबा’ हे सॉफ्टवेअर उभं राहिलं. ऑफिसच्या कोपऱ्यात फायली साठवायची जी छोटी पेटी असते, तशा कितीतरी पेट्यांत आजही सांबाच चालतं. आणि ते फुकट आहे.

त्याची दुसरी करामत तर मला याहूनही प्रिय आहे. 1996 मध्ये त्याने पॉल मॅकेरस यांच्याबरोबर ‘आरसिंक’ मांडलं. कोडं असं: मुख्य कार्यालयात कर्जखात्यांची मोठी फाइल आहे, शाखेत तिचीच कालची प्रत आहे. आज मधेच चार ओळी वाढल्या. मंद लाइनवरून फक्त तेवढाच फरक पाठवायचा आहे. दोन्ही फायली एकाच टेबलावर असत्या तर प्रश्नच नव्हता. पण एक इथे, दुसरी तिथे. मग फरक काढायचा कुणी?

शाखा आपल्या जुन्या फाइलचे सारख्या लांबीचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याच्या फक्त दोन खुणा, म्हणजे त्यातल्या बाइटांपासून काढलेले दोन आकडे, पाठवते: एक साधी बेरीज, दुसरा कडक तपासणीचा. मुख्य कार्यालय नव्या फाइलमध्ये त्या खुणा शोधतं. अडचण अशी की सुरुवातीलाच एक अक्षर वाढलं तर पुढचे सगळे तुकडे एकेक घर सरकतात आणि एकही खूण जुळत नाही. म्हणून प्रत्येक बाइटपासून नवा तुकडा धरून बघावं लागतं. मोठ्या फाइलमध्ये हे अशक्य वाटेल इतकं काम.

इथे सरकती बेरीज येते. समजा तुकड्यात 3, 7, 1, 5 हे आकडे आहेत, बेरीज 16. एक घर पुढे सरकलं की 3 बाहेर जातो, 8 आत येतो. चारही आकडे पुन्हा मिळवायचे नाहीत. 16 मधून 3 वजा, 8 मिळवा, 21. ट्रिजेलची बेरीज आकड्यांचा क्रमही लक्षात घेते, पण युक्ती हीच. बेरीज जुळली तरच कडक तपासणीची दुसरी खूण काढायची, तीही जुळली तर ‘हा तुकडा तुझ्याकडे आहेच’ एवढाच निरोप. उरलेल्या चार ओळी तेवढ्या प्रत्यक्ष पाठवायच्या. किती सुंदर आहे हे!

पुढे ड्रॉपबॉक्सने फायली जुळवण्यासाठी याच कल्पनेवर बेतलेलं सॉफ्टवेअर वापरलं. ड्रॉपबॉक्सच्या संस्थापकांची नावं सर्वतोमुखी झाली; ट्रिजेलचं नाव संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही सांगावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पतसंस्थेकडे. शाखेतल्या कॉम्प्युटरचा पत्ता बहुधा 192.168 ने सुरू होतो, आणि नेमका तोच पत्ता शेजारच्या मेडिकल दुकानातल्या कॉम्प्युटरलाही असू शकतो. बाहेरून तिथे थेट पोचता येत नाही. क्लाउडचा फोल्डर चालतो, कारण प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःहून बाहेर संपर्क करतो. पत्रं, ठराव, अहवाल यांच्यासाठी तो उत्तम. टॅलीसारख्या हिशेबाचा डेटा मात्र त्यात ठेवू नका. दोन शाखांनी एकाच वेळी नोंद केली की दोन वेगळ्या प्रती होतात आणि खरी कोणती ते ठरवता येत नाही. त्यासाठी एकच सर्व्हर आणि तिथवर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी पण खासगी, बंदिस्त वाट. फाइल शेअरिंगचं 445 क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवू नका. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ हा फायली कुलूपबंद करणारा व्हायरस जगभर पसरला तो विंडोजमधल्या याच फाइल शेअरिंगच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून.

खातं संस्थेच्या नावाचं हवं. कारकुनाच्या खासगी जीमेलवर तयार झालेल्या फायलींचा मालक तो कारकूनच असतो, मग तो नोकरी सोडून गेला तरी.

आणि बॅकअप. सिंकचं, म्हणजे फायली जुळवण्याचं, काम पाचही ठिकाणच्या प्रती एकसारख्या करणं. कुणी चुकून फाइल पुसली तर ती पाचही ठिकाणांहून जाते. व्हायरसने कुलूपबंद केली तर कुलूपबंद प्रतच सगळीकडे पोचते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतली फाइल 30 दिवसांनी कायमची जाते, आणि लेखापरीक्षकाला मात्र मार्चमधली हवी असते.

यावरही ट्रिजेलच्या आरसिंकमध्येच सोय आहे. रोज रात्री नव्या तारखेचा फोल्डर तयार होतो. न बदललेल्या फायली त्यात दिसतात, पण दुसऱ्यांदा जागा घेत नाहीत. मार्चमधली फाइल हवी, तर मार्चचा फोल्डर उघडायचा. हे काम एखाद्या साध्या लिनक्स मशीनवर होतं. त्या मशीनची डिस्क मुख्य कार्यालयाच्या इमारतीत ठेवू नका, दुसऱ्या गावच्या शाखेत ठेवा, आणि अधूनमधून त्यातली एखादी जुनी फाइल खरोखर परत काढून, उघडून बघा.