भीती तपासणीची, त्रास बुडबुड्याचा

विमानतळावरच्या रांगेत इन्सुलिन पंप लावलेला नवखा प्रवासी लगेच ओळखू येतो. तो सारखा सदऱ्याखाली हात घालून पंप चाचपत असतो आणि जवानाला काय सांगायचे याची मनातल्या मनात उजळणी करत असतो. ‘पंप काढून घेतात’, ‘सुया फेकून देतात’, ‘इन्सुलिन पातळ औषध, ते अडवतात’ असे कुणी ना कुणी त्याच्या कानावर घातलेले असते. यातले काहीच खरे नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात 2006 नंतर 100 मिलिलिटरची मर्यादा आली, पण औषधांना तिच्यातून सूट आहे. शिवाय इन्सुलिनची बाटली असते 10 मिलिलिटरची आणि पेनमधले कार्ट्रिज 3 मिलिलिटरचे. कुणी हटकलेच तर ते गार ठेवण्याच्या जेल पॅकबद्दल. सुया, लॅन्सेट, साखर तपासायच्या पट्ट्या आणि पंप या सगळ्यांचा उल्लेख असलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र हाताशी ठेवावे. औषधांची नावे मूळ घटकासह लिहून घ्यावीत, कारण आपल्याकडचे ब्रँड दुसऱ्या देशात चालतातच असे नाही.

चूक होते ती उलट बाजूने. जवानाशी वाद नको म्हणून काही जण पंप काढतात आणि मोबाइल-पाकिटाबरोबर ट्रेमध्ये ठेवून देतात. इन्सुलिनला एक्स-रेने काही होत नाही, पण पंप आणि त्वचेवर लावलेल्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरची गोष्ट वेगळी. धातुशोधक दरवाजातून जायला सहसा हरकत नसते, मात्र एक्स-रे आणि संपूर्ण शरीराचा स्कॅनर टाळा असे अनेक कंपन्या सांगतात. काही उपकरणांना दोन्ही चालतात. तेव्हा आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतले ते एक पान निघण्याआधी वाचावे आणि गरज असेल तर ‘हाताने तपासा’ असे सरळ सांगावे. चार मिनिटे जास्त लागतील, इतकेच.

‘इन्सुलिन गारच हवे, म्हणून मोठ्या बॅगेत बर्फात ठेवले’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता आश्चर्य वाटत नाही. एकतर ती बॅग हरवू शकते. दुसरे म्हणजे बर्फाला टेकलेले इन्सुलिन गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसले तरी वापरू नये. न उघडलेला साठा 2 ते 8 अंशांत ठेवायचा हे खरे, पण वापरात असलेली बाटली किंवा पेन 25 ते 30 अंशांपर्यंत साधारण चार आठवडे टिकते. विमानाच्या केबिनमध्ये त्याला काही होत नाही. खरा धोका मे महिन्यात विमानतळाकडे जाताना, उन्हात उभ्या राहिलेल्या टॅक्सीत. त्यासाठी पाण्यात भिजवायचे पाऊच मिळतात. पाणी उडून जाताना आतली उष्णता ओढून नेते, म्हणजे आपल्या माठाचेच तत्त्व. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते छान चालते, मुंबईच्या दमट हवेत जरा कमी.

आता ज्याची चर्चा कुणीच करत नाही, ती गोष्ट. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असताना केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या दाबाइतका असतो. म्हणजे खिडकीशी बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्याही वर पोचलेले असतो. चिप्सचे पाकीट फुगते ते याच कारणाने. पंपाच्या कार्ट्रिजमध्येही तेच घडते. सोड्याचे झाकण उघडल्यावर बुडबुडे सुटतात, तशी इन्सुलिनमध्ये विरघळलेली हवा बाहेर येते. आधीचे बुडबुडे फुगतात आणि इन्सुलिन नळीतून पुढे ढकलले जाते. पंपाने ते दिलेले नसते, त्यामुळे नोंदीतही दिसत नाही. उतरताना बुडबुडे आक्रसतात आणि इन्सुलिन थोडे कमी मिळते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे मोजून 2011 मध्ये ‘डायबिटीस केअर’ या नियतकालिकात मांडले: 3 मिलिलिटरचे कार्ट्रिज पूर्ण भरलेले असेल तर विमान वर चढताना साधारण एक ते दीड युनिट जादा जाते.

दिवसाला पन्नास युनिट घेणाऱ्या गृहस्थाला त्याचे काहीच वाटणार नाही. पण ज्या लहान मुलाचा पूर्ण दिवसाचा डोसच दहा-बारा युनिटचा आहे, त्याची साखर उड्डाणानंतर तासाभरात खाली येऊ शकते. म्हणून कार्ट्रिज अर्धेच भरावे. उड्डाणापूर्वी नळी सोडवावी, विमान स्थिरावल्यावर बुडबुडे काढून पुन्हा जोडावी आणि उतरल्यावर पुन्हा एकदा तपासावी. हे डॉक्टरांशी आधी बोलून ठरवावे. नळी नसलेला, त्वचेवर चिकटवायचा पंप असेल तर हे जमत नाही. तिथे साखरेवर नजर ठेवणे आणि ग्लुकोजच्या गोळ्या खिशात असणे हाच उपाय. गोळ्या खिशातच हव्यात, कारण पट्टा बांधायचा दिवा लागला की डोक्यावरच्या कप्प्यातल्या बॅगेपर्यंत हात पोचत नाही.

‘पंप आहे, मग इंजेक्शनचे ओझे कशाला?’ पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन असते, शरीरात साठा असा राहत नाही. नळी तुंबली तर काही तासांत रक्तात कीटोन ही घातक आम्ले वाढू लागतात. म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचे पेनही हातातल्या पिशवीत हवे. इथे आपल्याकडचा एक खास सापळा आहे. भारतात अजूनही मिलिलिटरला 40 युनिटच्या बाटल्या आणि त्यांच्यासाठीच्या लाल टोपणाच्या सिरिंज मिळतात, तर पंपात, पेनमध्ये आणि बहुतेक परदेशांत मिलिलिटरला 100 युनिटचे इन्सुलिन असते. घाईत ते लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले तर दहाच्या खुणेवर शरीरात पंचवीस युनिट जातात, म्हणजे अडीच पट. विमानातल्या कुठल्याही बुडबुड्यापेक्षा मला याची धास्ती जास्त वाटते.

विमानात पंप बंद करावा लागत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाकल्यावर ब्लूटूथ पुन्हा चालू करायचे, की सेन्सरचे आकडे दिसत राहतात. पंपातले घड्याळ मुक्कामी पोचल्यावर बदलता येते. मुंबई ते लंडन साडेपाच तासांचा फरक आहे, तिकडच्या उन्हाळ्यात साडेचार. दिवसातून एकदाच दीर्घ इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र डोसची वेळ आधीच विचारून ठेवावी. तिकडच्या ग्लुकोमीटरवर 10 आकडा दिसला म्हणून घाबरून साखर खाऊ नये. ब्रिटनमध्ये मोजायचे एकक वेगळे आहे, त्याला 18 ने गुणले की आपले 180 येतात.

आणि जेवण. ट्रॉली दिसली की बोलस, म्हणजे जेवणासाठीचा इन्सुलिनचा डोस, घ्यायचा नाही, ताट समोर आल्यावर घ्यायचा. पुढच्या चार रांगांपर्यंत येता येता विमानाला धक्के बसायला लागले, तर ती ट्रॉली तशीच मागे जाते.