डिस्क बदलली, अक्षरांचे काय?

जात्यावरच्या ओव्यांची माझी टिपणे चाळीस पिनांच्या जुन्या आयडीई हार्ड डिस्कवर आहेत. तिच्या तबकड्या सतत फिरतात. बेअरिंग झिजले की वाचन थांबते. म्हणून आधी अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढावी, मग एसएसडी बसवावी. एसएसडीत फिरणारे काही नाही; पण विजेविना वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तिच्यातला विद्युतभार ओसरतो. दुसरी प्रत वेगळीकडे हवीच.

एवढ्याने काम संपत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल, तर ओवीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. १९९१च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतंत्र संकेतांक मिळाले. मजकूर त्यांत रूपांतरित करावा, मूळ फाइलही जपावी. गाणाऱ्या बहुतेकजणी आज हयात नाहीत. पुन्हा विचारायचे कोणाला?