चाळण्याची विद्या : जुन्या ध्वनिमुद्रिकांची दुकाने आणि त्यांचा ऱ्हास

जुन्या ध्वनिमुद्रिकांचे दुकान हे वरवर पाहता मोडक्यातोडक्या मालाचे दुकान होय. तेथे सूची नसते, वर्गीकरण असलेच तर ते दुकानदाराच्या डोक्यात असते, आणि मालावरची धूळ झटकण्याचे काम गिऱ्हाइकानेच करावयाचे असते. तथापि विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या गानजीवनाचा अभ्यास ज्या साधनांवर उभा आहे, त्यांतील पुष्कळशी साधने प्रथम अशाच दुकानांत अभ्यासकांच्या हाती लागली. ही दुकाने आता एकेक करून नाहीशी होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर एका व्यवसायाखेरीज ज्ञान मिळविण्याची एक रीतही लोपत आहे. ती रीत कोणती, तिच्यावाचून काय अडते आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व काय, ह्यांचा विचार येथे केला आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहणे इष्ट ठरेल. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेडरिक गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान प्रभृती कलावंतांची गाणी मुद्रित केली. त्या मुद्रणांच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होऊन परत हिंदुस्थानात विक्रीस येत. गाणे संपताच गायिकेने स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारावयाचे, ही त्या काळची पद्धत तेथील कारागिरांना तबकडी ओळखता यावी म्हणून पडली. १९०८ साली कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला, तो पुढे दमदमला गेला, आणि तबकड्या देशातच होऊ लागल्या. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी ही तबकडी लाख, दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू ह्यांच्या मिश्रणाची असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. सुमारे १९७० पर्यंत हा प्रकार भारतात चालू राहिला.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटाखालचा आणि घाटावरचा असे दोन भाग सहज पडतात. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही गावे मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहेत, आणि कापसाच्या पेठेसाठी १८७० साली जलंबहून खामगावास फाटा काढण्यात आला. चिखली, मेहकर, लोणार ही घाटावरची गावे मात्र लोहमार्गापासून दूर राहिली. कापूस ज्या वाटेने बाहेर गेला त्याच वाटेने शहरी माल आत आला, हे ह्या प्रदेशाच्या व्यापाराचे साधारण सूत्र आहे. ग्रामोफोन घरी बाळगणारी कुटुंबे थोडी असत. बहुसंख्य लोकांनी तबकडीवरचे गाणे ऐकले ते लग्नाच्या मांडवात, गणेशोत्सवात, जत्रेत किंवा टुरिंग टॉकीजच्या तंबूबाहेर. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्याकडे एखाद्या श्रीमंत घरापेक्षाही मोठा साठा असे, आणि गावाची आवड काय आहे हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असे.

हा साठा जुन्या बाजारात आला तो लाटांनी. लाखेच्या तबकडीची जागा दीर्घ वेळ वाजणाऱ्या प्लॅस्टिकच्या तबकडीने घेतली तेव्हा पहिली लाट आली. १९८० च्या दशकात कॅसेटने बाजार व्यापला तेव्हा दुसरी आली, आणि पुढे कॉम्पॅक्ट डिस्क आल्यावर तिसरी. प्रत्येक वेळी यंत्र बदलले, म्हणून गाणे घराबाहेर पडले. वाडे विकले जाताना, वाटण्या होताना, वडीलधारी माणसे निवर्तल्यावर माळ्यावरच्या पेट्या भंगारवाल्याकडे गेल्या. तालुक्याच्या गावी त्यांना स्वतंत्र दुकान नव्हते. त्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या फळीवर, जुन्या भांड्यांच्या शेजारी किंवा रद्दीच्या ढिगात असत. त्यांना दुकानाचे रूप मोठ्या शहरांत आले. मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीट, पुण्याचा रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार, कलकत्त्याची फ्री स्कूल स्ट्रीट ही त्याची प्रसिद्ध स्थाने होत.

अशा दुकानात जाणाऱ्याची कृती मराठीत ‘चाळणे’ ह्या शब्दाने नेमकी व्यक्त होते. पुस्तक चाळतात आणि धान्यही चाळतात. एकात ओझरती नजर आहे, तर दुसऱ्यात निवड आहे. तबकड्यांचा ढीग चाळण्यात दोन्ही एकत्र येतात. सरावलेला ग्राहक गाण्याचे नाव वाचण्यापूर्वीच मधल्या कागदाचा रंग पाहून कंपनी ओळखतो, आणि पृष्ठभाग उजेडात तिरपा धरून तबकडी किती झिजली आहे ते जाणतो. मग तो शेवटच्या चरीजवळ कोरलेला साचा-क्रमांक वाचतो. विक्रीचा क्रमांक पुनर्मुद्रणात बदलू शकतो, परंतु साचा-क्रमांक मूळ मुद्रणाचा असतो. अशा क्रमांकांची ओळ लावली म्हणजे मुद्रणांचा क्रम उलगडतो आणि कागदावर नसलेली तारीखही अंदाजता येते. कागदी पाकिटावर पुष्कळदा विक्रेत्याचे नाव व गाव छापलेले असते. तबकडीवर क्वचित मालकाची सही किंवा लग्नात मिळालेल्या भेटीची नोंदही आढळते. अर्थात पाकिटे ढिगात अदलाबदल होतात, म्हणून ह्या पुराव्यावर एकट्याने विसंबता येत नाही. परंतु एकाच घरातून आलेल्या पेटीत तीच खूण वारंवार दिसली, तर कोणती पेठ कोणत्या गावास गाणे पुरवीत होती ह्याचा बोध होतो.

ह्या कृतीत जो आनंद आहे त्याचे कारणही तिच्या रीतीतच आहे. ग्राहक बालगंधर्वांच्या नाट्यपदासाठी येतो आणि त्याच ढिगात त्याला कधीही न ऐकलेल्या एखाद्या लावणीची, कीर्तनाची किंवा शाळेसाठी काढलेल्या पाठाची तबकडी सापडते. किंमत फार नसल्याने तो तीही घेतो. जे मागितले नव्हते ते मिळाले, आणि मिळाल्यावरच ते अस्तित्वात होते हे कळले, असा हा अनुभव आहे. ग्रंथालयात सूचीचा खण उघडण्याऐवजी फळीपुढे उभे राहणाऱ्या विद्यार्थ्यास तो अपरिचित नाही. सूची ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते, तर ढीग हा न सुचलेला प्रश्न पुढे करतो.

ही केवळ हौस नव्हे, हे तिच्या फलावरून दिसते. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ ह्या नियतकालिकातून संग्राहकांनी आपल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. संग्राहक मायकेल किनिअर ह्यांचा, ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ ह्या काळातील भारतीय मुद्रणांची सूची देणारा ग्रंथ १९९४ साली निघाला. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा ‘यंग इंडिया’ हा शिक्का ह्या दृष्टीने विशेष बोलका आहे. सुमारे १९३५ ते १९५५ ह्या वीस वर्षांत त्या शिक्क्याखाली दहा हजारांच्या आसपास गाणी निघाली, आणि गाणाऱ्यांत हौशी व अप्रसिद्ध कलावंतांचा भरणा मोठा होता. कंपनी बंद पडली. जे उरले ते घरोघरी, जुन्या बाजारांत आणि संग्राहकांच्या कपाटांत विखुरलेले होते. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दप्तरांविषयीच्या योजनेखाली ह्या शिक्क्याच्या व ‘ओडियन’ शिक्क्याच्या तबकड्यांचे अंकीय रूपांतर झाले, ते मुख्यतः खाजगी संग्रहांच्या आधारे. उस्ताद अब्दुल करीम खाँ ह्यांच्यासारख्यांची गाणी कोणीतरी जपलीच असती. परंतु ज्याचे नाव पुढे कोणी घेतले नाही अशा गायकाची तबकडी टिकली, ती कोणा एकाने ढीग उपसताना ती बाजूला काढली म्हणूनच.

मग ही दुकाने का खालावली? पहिले कारण पुरवठ्याचे आहे. माळ्यावरच्या पेट्या एकदाच खाली येतात. दुसरे जागेचे. मंद खपाच्या व जड मालास शहरातील भाडे परवडत नाही, आणि दुकानदाराच्या मुलांना धंद्यात भवितव्य दिसत नाही. नव्या मालाची दुकानेही ह्यातून सुटली नाहीत. मुंबईत काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’ हे नामांकित दुकान २०१६ साली बंद झाले. तिसरे कारण असे की उत्तम माल आता दुकानात येण्यापूर्वीच महाजालावर विकला जातो. तेथे विक्रेता ज्या नावाला मागणी आहे तेवढेच मांडतो, आणि उरलेले मांडण्याचे कष्ट घेत नाही. अलीकडे दीर्घ वादनाच्या तबकड्यांची हौस पुन्हा वाढली आहे खरी, परंतु तिचा लाभ लाखेच्या तबकडीस होत नाही. तिला निराळी गती व जाड टोकाची सुई लागते, आणि आजच्या कित्येक यंत्रांत ही सोय नसते.

ह्यावर असा आक्षेप येईल की, आज सहस्रावधी जुनी गाणी घरबसल्या ऐकता येतात, मग दुकानाचा शोक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. जे गाणे ऐकावयास पूर्वी मुंबई गाठावी लागे ते आज मेहकरच्या विद्यार्थ्यास क्षणात ऐकता येते, आणि हा लाभ लहान नव्हे. परंतु दोन उणिवा राहतात. एक म्हणजे, शोधयंत्रास नाव द्यावे लागते, आणि ते स्वतःहून जे सुचविते ते पुष्कळांनी ऐकलेले असते. ज्याचे नाव विस्मृत झाले ते दोन्ही वाटांनी दूरच राहते. दुसरी उणीव अशी की, तेथे ठेवलेल्या गाण्याबरोबर क्रमांक, शिक्का व पाकीट ह्यांची नोंद बहुधा नसते. ध्वनी मिळतो, पण त्याचा पुरावा गळून पडतो. इतिहासाच्या अभ्यासकास ध्वनीइतकीच त्या पुराव्याची गरज असते.

बुलढाणा जिल्ह्यापुरता प्रश्न ह्याहून निकडीचा आहे. शहरातील दुकान मोडले तरी त्यातील मालाचे मोल जाणणारे चार जण तेथे असतात. तालुक्याच्या गावी शेवटची पेटी ज्या दिवशी भंगारात जाते, त्या दिवशी कोणास पत्ताही लागत नाही. लाखेच्या तबकडीस आता भंगाराचाही भाव नाही, म्हणून ती फुटली तरी कोणी हळहळत नाही. ज्यांनी १९६० च्या सुमारास ऐन विशीत तबकड्या विकत घेतल्या किंवा मांडवात वाजविल्या, त्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. तबकडी कोठून आली आणि कोणत्या प्रसंगी वाजली हे सांगू शकणारी ही शेवटची पिढी होय.

अशा स्थितीत चाळण्याचे काम दुकानातून उठून घरोघरी जाणे प्राप्त आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. खामगाव, मलकापूर, चिखली येथील जुन्या लाउडस्पीकरवाल्यांकडे, वाड्यांत आणि सार्वजनिक वाचनालयांत जे उरले असेल त्याची नोंद पदव्युत्तर विद्यार्थी करू शकतात. शिक्का, विक्रीचा क्रमांक, साचा-क्रमांक, दोन्ही बाजूंचा मजकूर, पाकिटावरील विक्रेता, मालक आणि मिळाल्याचे ठिकाण, इतके रकाने पुरेत. पेटी जशी सापडली तशी, मूळ क्रमाने नोंदावी. पाकीट तबकडीपासून वेगळे करू नये. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. लाख मद्यार्कात विरघळत असल्याने त्या स्पिरिटने पुसू नयेत. निवड मात्र करू नये. प्रसिद्ध तेवढे उतरवून अप्रसिद्ध सोडणारी नोंद पुन्हा बाजाराचीच सूची होईल.

जुन्या दुकानाने अजाणता जे केले ते हेच होते. कोणास काय हवे आहे ह्याचा विचार न करता त्याने सर्व काही ढिगात राहू दिले. ते दुकान परत येण्याचा संभव दिसत नाही. त्याचे हे औदार्य मात्र अभ्यासाच्या रीतीत आणता येते. त्यासाठी, जे शोधावयास निघालो नव्हतो तेही वाचून पाहण्याची सवड ठेवली पाहिजे.