भार खांबांवर, आडोसा कुडाचा

गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यातल्या जुन्या लाकडी घराची भिंत ढासळली, तरी घर पडत नाही. छपराचा भार भिंतीवर नसतोच. तो खांबांनी पेललेला असतो. प्राणहिता-गोदावरीच्या या मुलखात आधी लाकडाचा सांगाडा उभा राहतो, भिंती मागाहून येतात.

मधल्या उंच खांबांवर आडं म्हणजे शिखराची तुळई, कडेच्या ठेंगण्या खांबांवर मयाली म्हणजे कडेच्या तुळया, त्यांवर उतरते फाटे म्हणजे वासे, मग बांबूच्या कमच्या आणि वर कवेलू म्हणजे मातीची कौलं. साध्या घरात खांबाचं टोक मुद्दाम पाहावं. झाडाचं बेचकं राखूनच ते तोडलेलं असतं, म्हणजे आडं त्यात नीट बसतं आणि खिळ्याची गरज पडत नाही.

खांबांच्या मधे चिरलेल्या बांबूचा कूड विणतात. माती, शेण आणि भाताचा भुसा कालवून तो दोन्ही अंगांनी लिंपतात. भुशामुळे माती एकमेकीला धरून राहते, वाळताना भेगा कमी पडतात. पावसानं लिंपण धुपलं, तर घरच्याच हातांनी ते पुन्हा चढतं. उन्हाळ्यात कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते.

खांब सागाचे. सागाच्या गाभ्यातल्या तेलामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र ती फस्त करते. खांब कुजतो तो जमिनीलगत, जिथे ओल येते-जाते. म्हणून तो दगडी तळखड्यावर उभा केला, तर त्याचं आयुष्य वाढतं.

इंग्लंडच्या खेड्यांतली जुनी घरंही याच रीतीची आहेत. ओकचा सांगाडा, मधे काटक्यांचा कूड, वर मातीचं लिंपण. त्यांतली पाचशे वर्षांची घरं आजही नांदती आहेत. ससेक्समधल्या सिंगलटनला तर अशी घरं सुटी करून पुन्हा उभारलेलं संग्रहालय १९७० पासून चालू आहे.

आपल्याकडे मात्र मातीची भिंत दिसली की घर कच्चं ठरतं आणि घरकुल मंजूर होताच चांगला सागवानी सांगाडाही मोडीत निघतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचंच सागवान गेलं. त्याच लाकडाच्या घरांना त्यांच्या गावातही मान हवा. पाहणी करणाऱ्यानं भिंतीआधी खांब तपासावेत. ते धड असतील, तर तळखडे, नवे कवेलू आणि सुताराची मजुरी यांसाठी अनुदान मिळावं. उभं घर टिकवणं हीसुद्धा घरबांधणीच आहे.