मस्करी आणि कुस्करी : हौशी मंडळातील मित्रसंवादाचे स्वरूप

मराठी समीक्षेने विनोदाचा विचार पुष्कळ केला आहे. विनोदनिर्मितीची कारणे, उपहास आणि उपरोध यांतील भेद, विनोदी लेखकांची परंपरा या विषयांवर भरपूर लेखन उपलब्ध आहे. त्या मानाने, चार मित्र एकत्र बसले असता परस्परांची जी थट्टा करतात तिचा संवादप्रकार म्हणून झालेला विचार कमी आहे. अशी थट्टा क्षणजीवी असते, ती लिहून ठेवली जात नाही, आणि तिच्यातील एखादे वाक्य वेगळे काढून पाहिले तर त्यात विशेष असे काही आढळत नाही. या कारणांमुळे ती क्षुल्लक समजली जाते. तथापि मराठी कथात्म व नाट्यात्म साहित्यातील संवादांचा मोठा भाग या थट्टेवर उभा आहे. तिचे नियम ध्यानात न घेता हे संवाद वाचले तर त्यांचा अर्थ अर्धाच हाती लागतो. प्रस्तुत लेखात हौशी मंडळांतील मित्रसंवादाच्या आधारे या थट्टेचे स्वरूप पाहावयाचे आहे, आणि ती कोणत्या बिंदूपाशी थट्टा राहत नाही याचा शोध घ्यावयाचा आहे.

१. विनोद आणि थट्टा

विनोदात सामान्यतः तीन घटक असतात : विनोद करणारा, तो ऐकणारा आणि ज्याच्यावर विनोद केला जातो तो. यांपैकी तिसरा घटक पुष्कळदा अनुपस्थित असतो. मित्रांच्या थट्टेत तो समोर बसलेला असतो. तो थट्टेचा विषय असतो, तिचा श्रोताही असतो, आणि पुढच्याच क्षणी तो वक्ता होण्याची शक्यता असते. ही तिहेरी भूमिका हे थट्टेचे व्यवच्छेदक लक्षण मानता येईल.

मराठी भाषेने या व्यवहारासाठी जी शब्दसंपत्ती घडविली आहे ती अर्थपूर्ण आहे. ‘चेष्टा’ हा संस्कृतातील हालचाल या अर्थाचा शब्द मराठीत थट्टेच्या अर्थाने स्थिरावला. ‘मस्करी’ अरबी मुळापासून आली. कोपरखळी, चिमटा, फिरकी, टोमणा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा हे शब्द एका पट्टीवर मांडून पाहिले तर एक क्रम दिसतो. कोपरखळी मारण्यासाठी मनुष्य शेजारी बसलेला असावा लागतो, आणि चिमटा काढण्यासाठीही हाताच्या अंतरावरची जवळीक लागते. टवाळी मात्र दुरून करता येते, आणि कुचेष्टेला तर जवळीक नकोच असते. म्हणजे थट्टेची तीव्रता मोजताना भाषा शब्दांच्या कठोरपणापेक्षा माणसांमधील अंतराकडे पाहते. ‘मस्करीची कुस्करी होणे’ हा वाक्प्रचार तर थट्टेच्या सीमारेषेचे अस्तित्वच नोंदवितो.

२. हौशी मंडळ आणि त्याची भाषा

भजनी मंडळ, गिर्यारोहकांचा गट, बुद्धिबळाचा अड्डा, हौशी नाट्यसंस्था अशा समूहांना बांधणारे सूत्र नातेसंबंधाचे अथवा नोकरीचे नसते. ते छंदाचे असते. त्यामुळे येथील सभासदत्व स्वेच्छेचे असते. मनुष्य उद्यापासून आला नाही तर त्याला जाब विचारण्याचे कोणतेही साधन समूहाजवळ नसते. अशा सैल बंधाला टिकवून धरण्याचे काम तेथील बोलणे करीत असते.

या प्रकारच्या बोलण्याकडे ब्रॉनिस्लाव मालिनोवस्की यांनी १९२३ साली लक्ष वेधले. ओग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ या ग्रंथाला जोडलेल्या आपल्या लेखात त्यांनी असे दाखविले की, हवापाण्याच्या आणि क्षेमकुशलाच्या गप्पांचे प्रयोजन माहिती देणे हे नसून संबंध जोडणे हे असते. पुढे १९६० साली रोमान याकोबसन यांनी भाषेची सहा कार्ये सांगताना या संपर्ककार्याला स्वतंत्र स्थान दिले. मित्रांची थट्टा या कार्याचेच एक रूप होय. परंतु ती क्षेमकुशलाच्या पुढे एक पाऊल टाकते. क्षेमकुशल विचारण्यात धोका नसतो, थट्टेत तो असतो. दुखावण्याची शक्यता असतानाही आपण दुखावले जात नाही, याचा परस्परांना दिलेला पुरावा म्हणजे थट्टा.

गिर्यारोहकांच्या गटाचे एक कल्पित उदाहरण घेता येईल. नेहमी उशिरा येणारा सभासद शेवटी येऊन पोहोचतो. एकजण म्हणतो, “महाराजांची स्वारी आली म्हणायची!” तो उत्तरतो, “स्वारी केव्हाच निघाली होती. पालखीचे भोई चहा पीत बसले.” पूर्वी एकदा वाट चुकविलेल्या दुसऱ्या सभासदाला प्रत्येक फाट्यावर “खरं डावीकडे, की तुझ्या डावीकडे?” असे विचारले जाते. या वाक्यांत माहिती जवळजवळ शून्य आहे. मात्र ती उच्चारण्यासाठी आणि समजण्यासाठी एक सामायिक स्मृती आवश्यक आहे. नवागताला ‘तुझ्या डावीकडे’ म्हणजे काय ते उमजत नाही. ज्या दिवशी त्याला कोणीतरी ते सांगते त्या दिवशी त्याचा गटात प्रवेश होतो, आणि ज्या दिवशी त्याची स्वतःची एखादी फजिती या स्मृतीत जमा होते त्या दिवशी तो गटाचा होतो.

येथे मराठीच्या सर्वनामव्यवस्थेचाही उपयोग होतो. एरवी ‘अरे-तुरे’ करणारे मित्र थट्टेत एकाएकी ‘आपण’, ‘महाराज’, ‘साहेब’ असे आदरार्थी रूप वापरतात. आदराचे रूप वापरून अनादर आणि त्या अनादराच्या आडून पुन्हा जवळीक, असा हा दुहेरी वळसा असतो. जेफ्री लीच यांनी १९८३ साली सभ्यतेच्या नियमांबरोबर थट्टेचे जे तत्त्व मांडले त्याचा आशय असाच आहे. उघडपणे असत्य आणि उघडपणे असभ्य असे बोलून वक्ता आपल्यातील सलगी सूचित करतो. कारण सभ्यतेची गरज परक्यांनाच अधिक भासते.

३. थट्टेच्या तीन अटी

ही थट्टा सुरळीत चालण्यासाठी तीन अटींची पूर्तता व्हावी लागते.

पहिली अट चौकटीची. ग्रेगरी बेटसन यांनी १९५५ साली खेळासंबंधी केलेल्या विवेचनात असे दाखविले की, खेळणारे प्राणी एकमेकांना चावल्यासारखे करतात तेव्हा ‘हा खेळ आहे’ असा एक संदेशही त्या कृतीबरोबर देत असतात. मराठीतील ‘हसण्यावारी नेणे’ आणि ‘मनावर घेणे’ ही क्रियापदे या चौकटीच्या आत व बाहेर असण्याचीच नावे आहेत. सूर, डोळ्यांतील भाव, अतिशयोक्ती, अचानक ग्रांथिक होणारी भाषा ही चौकटीची चिन्हे होत.

दुसरी अट विषयाच्या निवडीची. विल्यम लबॉव यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय किशोरांच्या शाब्दिक चढाओढीचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. तेथे परस्परांना दिली जाणारी दूषणे उघडपणे खोटी असतात, म्हणूनच त्यांचे खंडन कोणी करीत नाही. त्यांना वरचढ दूषणाने उत्तर दिले जाते. दूषण सत्याच्या जवळ गेले की ते वैयक्तिक होते आणि समोरचा ते नाकारू लागतो. मराठी मित्रमंडळींतील थट्टा सर्वस्वी खोट्यावर चालत नाही. उशिरा येणे, वाट चुकणे या गोष्टी खऱ्याच असतात. परंतु त्या सर्वांना ठाऊक असलेल्या आणि त्या व्यक्तीने स्वतः मान्य केलेल्या असतात. ज्या उणिवेवर माणूस स्वतः हसू शकतो तिचीच थट्टा होऊ शकते. झाकून ठेवलेले दुखणे हा थट्टेचा विषय होऊ शकत नाही.

तिसरी अट परतफेडीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची होय. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली थट्टेच्या नात्यांचे विवेचन करताना दोन प्रकार सांगितले. एकात दोघेही एकमेकांची थट्टा करू शकतात, तर दुसऱ्यात एकाने करावयाची आणि दुसऱ्याने सोसावयाची असा संकेत असतो. मराठी समाजात दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी यांच्यातील थट्टेला नात्याचीच मुभा असते. हौशी मंडळात नात्याचे असे संरक्षण नसते. तेथे थट्टेला नैतिक आधार देणारी गोष्ट एकच असते : ज्याची थट्टा केली त्याला उत्तराचा समान हक्क असणे. म्हणून थट्टेची परीक्षा तिच्या शब्दांत करता येत नाही. तिला मिळणाऱ्या उत्तरात करावी लागते. उत्तर प्रतिथट्टेचे असेल तर चौकट शाबूत आहे. उत्तर खुलाशाचे किंवा इन्काराचे असेल तर तिला तडा गेला आहे. उत्तरच न येता मौन आले तर ती मोडली आहे.

४. सुदाम्याची मंडळी

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. समाजातील रूढींचा उपहास हे या लेखनाचे प्रयोजन म्हणून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु हा उपहास वाचकाला जाचत नाही याचे एक कारण मंडळींच्या रचनेत आहे. सुदामा हा निवेदक असूनही तो शहाणपणाच्या उंच आसनावर बसलेला नाही. मित्रांच्या वेडेपणाची हकीकत सांगताना त्याचा स्वतःचा वेडेपणाही उघडा पडत जातो. तिघांपैकी कोणीही हास्याच्या कक्षेबाहेर राहत नाही. वर सांगितलेली परतफेडीची अट येथे निवेदनाच्या पातळीवरच पूर्ण होते. पु. ल. देशपांडे यांच्या १९५८ सालच्या ‘बटाट्याची चाळ’मध्येही हास्य कोण्या एका बिऱ्हाडावर साचून राहत नाही, ते चाळभर फिरते राहते.

५. बेणारेची मंडळी

‘रंगायन’ने १९६७ साली प्रथम रंगभूमीवर आणलेल्या विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात याच व्यवहाराची दुसरी बाजू दिसते. या नाटकाची चर्चा प्रायः स्त्रीवरील अन्याय, मध्यमवर्गाचा दांभिकपणा आणि समूहाची हिंसा या अंगांनी होते. येथे विचारात घेण्याची गोष्ट अशी की, ही हिंसा एका हौशी मंडळातील थट्टेतून, एकेका पायरीने, निर्माण होते.

अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करणारी ही मंडळी एका गावी आलेली आहेत. पहिल्या अंकात लीला बेणारे हीच थट्टेत सर्वांत तरबेज आहे. वकिली न चालणारे सुखात्मे, शिक्षणात अपयशी ठरूनही शास्त्रज्ञाचा आव आणणारा पोंक्षे, समाजसेवेचा डौल मिरविणारे काशीकर यांच्या उणिवा ती गावातील सामंतासमोर हसत हसत मांडते. थट्टेच्या नियमांच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. तिने स्पर्श केलेल्या उणिवा साऱ्यांना ठाऊक असल्या तरी त्या त्या माणसांनी त्या स्वतःशी मान्य केलेल्या नाहीत. त्यामुळे तिची थट्टा हसण्यावारी जात नाही. ती साठत जाते. समोर उत्तर देण्याइतकी वाक्‌चातुरी या माणसांजवळ नाही. त्यांना उत्तरासाठी कोर्टाची गरज भासते.

तो कोर्टाचा खेळ सामंताला माहिती व्हावी म्हणून रचला जातो, आणि बेणारे आत गेलेली असताना तिला आरोपी ठरविले जाते. येथेच समानता मोडते. खेळाचे नियम तिच्या अनुपस्थितीत ठरतात, आणि सामंताच्या रूपाने एक प्रेक्षक उपस्थित होतो. मित्रांमध्ये चालणारी थट्टा प्रेक्षकासमोर आली की तिचे प्रदर्शन होते, आणि प्रदर्शनात एकाला वस्तू व्हावे लागते. तरीही आरंभी बेणारे प्रतिथट्टेने उत्तरे देत राहते, म्हणजे चौकट अजून टिकून आहे. सामंत आपल्या हातातील कादंबरीच्या आधारे जी साक्ष देतो ती कल्पित आहे. परंतु ती नेमकी तिच्या झाकलेल्या दुखण्यावर जाऊन आदळते. लबॉव यांनी सांगितलेली रेषा येथे ओलांडली जाते. बेणारे आता खेळकर उत्तर देत नाही. ती नाकारू लागते. तिचा हा इन्कारच मंडळींना पुरावा वाटतो. त्यानंतर ती मौनात जाते.

प्रतिथट्टा, इन्कार आणि मौन हा उत्तरांचा क्रम हेच या नाटकाच्या तीन अंकांचे आंतरिक सूत्र म्हणता येईल. या सूत्राच्या प्रकाशात नाटकाच्या शीर्षकालाही वेगळा अर्थ प्राप्त होतो. न्यायाधीशाची ‘शांतता’ची आज्ञा ही कोर्टाची रीत म्हणून येते, परंतु थट्टेच्या व्यवहारात तिचा अर्थ उत्तराचा हक्क काढून घेणे असा होतो. शेवटी आरोपीला बोलण्यासाठी काही क्षण दिले जातात. तिचे दीर्घ स्वगत होते, पण त्या वेळी सारी मंडळी निश्चल असतात. ते उत्तर प्रेक्षागृहातील प्रेक्षकांना ऐकू येते. ज्यांना ते द्यावयाचे होते त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

नाटकाच्या अखेरीस मंडळी पुन्हा नेहमीसारखी होतात आणि हा सारा खेळच होता, असे तिला समजावू लागतात. बेटसन यांच्या विवेचनातील खेळाचा संदेश येथे उलटा वापरला गेला आहे. खेळ चालू असताना तो संदेश संरक्षण देतो. इजा झाल्यानंतर उच्चारला गेला की तो केवळ जबाबदारी झटकण्याचे साधन ठरतो. ‘गंमत केली’ हे वाक्य कोणी उच्चारावे, हाही येथे कळीचा प्रश्न आहे. ज्याची थट्टा झाली त्याने ते म्हटले तर चौकट सिद्ध होते. करणाऱ्याने ते एकतर्फी म्हटले तर काहीच सिद्ध होत नाही.

६. समारोप

कोल्हटकरांची आणि तेंडुलकरांची मंडळी परस्परांपासून फार दूरची वाटली तरी त्यांचा भाषिक व्यवहार एकाच जातीचा आहे. दोहोंतील फरक शब्दांच्या सौम्यपणात वा कठोरपणात शोधता येत नाही; उत्तर देण्याची जागा कोणाला उरते, यात तो आहे. या कसोटीचा उपयोग अन्य संहितांनाही करता येईल. वगनाट्याच्या गौळणीत मावशी कृष्णाला आणि पेंद्याला जे तिखट उत्तर देते त्यात, किंवा विहिणींच्या परस्परांना टोमणे मारणाऱ्या लग्नगीतांत, प्रत्युत्तराची सोय प्रकारानेच करून ठेवलेली आहे. लोकपरंपरेने थट्टेला मुभा देताना तिची परतफेडही बांधून दिली, असे यावरून म्हणता येते.

पदव्युत्तर वर्गात संवादांचे विश्लेषण करताना ‘या वाक्यात विनोद कोणता?’ असा प्रश्न सहसा विचारला जातो. त्याबरोबर ‘या वाक्याला उत्तर कोणी दिले, आणि ज्याने दिले नाही त्याला ते का देता आले नाही?’ हाही प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे. मस्करी आणि कुस्करी यांमधील सीमारेषा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच सापडते.